कच्चा डाग

लिपोव्हाच्या चर्चची जत्रा जुलैच्या पहिल्या रविवारी भरते. त्या दिवशी चुलाणावरचं मांस कधी उतरवायचं, हे बेचाळीस वर्षं एकटा एर्विन यानाक ठरवत आला होता. चर्चच्या हॉलच्या मागे पत्र्याची लांब शेड, तिच्यात कमरेएवढ्या उंचीची सिमेंटची चुलाणं, वर जाळ्या आणि खाली ओकचे निखारे. एर्विन पूर्वेच्या टोकाने निघायचा, डुकराच्या खांद्याच्या तुकड्यावर अंगठा दाबायचा, मान हलवायचा आणि पुढच्या तुकड्याकडे जायचा. तो "उतरवा" म्हणाला की उतरवायचं. शेडमध्ये घड्याळ होतं, पण ते बंद पडलंय हेही कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याचा धाकटा भाऊ लिओन याला मात्र अंगठ्यावर चालणारी कुठलीच गोष्ट पटत नसे. नदीपलीकडच्या वीजकेंद्रात त्याने एकतीस वर्षं दाबाचे आणि उष्णतेचे काटे सांभाळले होते. तिथे कुणी "मला वाटतं" म्हणालं की लिओन म्हणायचा, "वाटायचं ते घरी जाऊन वाटू दे. इथे काय दिसतंय ते सांग."

दोघांत आठ वर्षांचं अंतर होतं. बाप ट्रॅक्टरखाली सापडून गेला तेव्हा एर्विन सतरा वर्षांचा होता आणि लिओन नऊ. एर्विनने शाळा सोडली, गायी सांभाळल्या, तीन वर्षांनी अल्बिनाशी लग्न केलं आणि दोघांनी मिळून लिओनला वाढवलं. शहरातल्या तंत्रशाळेत त्याला धाडलं तेही एर्विननेच. या उपकारांचा त्याने कधी उच्चार केला नाही. पण लिओनने कुठला ट्रक घ्यावा, घराचं छप्पर कसलं असावं, आजारी वासराला काय पाजावं, यात शेवटचा शब्द एर्विनचाच असायचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच निघायचा. लिओन चाळिशीचा झाला, साठीचा झाला, तरी भावासमोर उभा राहिला की आपण तिसरीत आहोत असं त्याला वाटायचं.

निवृत्त झाल्यावर लिओनने दुकानातून एक स्वस्तातला मांसात टोचायचा तापमापक आणला. महिन्याभरात तो बिघडला. लिओनने गॅरेजमधल्या टेबलावर त्याची सळई चिरून बघितली. आत मोहरीएवढा एक मणी आणि दोन बारीक तारा. एवढंच. मणी तापला की त्यातून वीज जास्त सहज जाते, आणि किती सहज गेली ते मोजून आकडा काढायचा. लिओनला हसू आलं. असे मणी त्याने शंभराच्या पाकिटात मागवले. पोलादाच्या बारीक नळ्या कापल्या, भट्टीतही जळणार नाहीत अशा वेष्टनाच्या तारा घेतल्या आणि स्वतः सळया बनवायला लागला. प्रत्येक सळई आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायची, मग उकळत्या पाण्यात. बर्फात बत्तीस आणि उकळत्यात दोनशे बारा अंश फॅरनहाइट दिसलं तरच ती पास.

"माझ्या एका पातेल्यात बर्फ, एकात उकळतं पाणी," त्याची बायको जॉर्जिन शेजारणीला सांगायची. "सूप करायचं तर आता गॅरेजमध्ये अर्ज द्यावा लागतो."

एर्विन कधी आला तर टेबलाशी उभा राहून बघायचा. "तारवाल्या," तो म्हणायचा, "गाय व्यायला आली की नाही ते पण हिनेच बघणार का?"

"गायीचं माहीत नाही. तुझ्या त्या ससेजचं मात्र सांगेन."

"माझ्या ससेजला काय झालं?"

"काही नाही. पण सांगेन."

दोघंही हसायचे. तेव्हा सगळं असंच होतं.

२०१० च्या जत्रेनंतर एका घरातली तीन माणसं दोन दिवस पोट धरून पडली. बटाट्याच्या सॅलडने असेल, उन्हाने असेल, बियरनेही असेल. पण गावात कुजबुज झाली ती डुकराच्या मांसाची, आणि मांस म्हटलं की एर्विनची. तो आता चौऱ्याहत्तरचा झाला होता. साखरेमुळे त्याच्या पायांना मुंग्या येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पायाला येतात तर हाताला येत नसतील कशावरून?

पुढच्या वसंतात जत्रेच्या बैठकीत फादर स्टॅनलींनी फार जपून विषय काढला. "एर्विन, लिओनच्या त्या सळया यंदा लावल्या तर? म्हणजे आपली लोकांना सांगायची सोय होईल."

एर्विनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "टोचू दे की. मांसाला काय, आणखी एक भोक."

लिओनने त्या जत्रेसाठी आठ सळया केल्या. सगळ्यांच्या तारा एका लाकडी पेटीत येत होत्या, आणि पेटीवर लाल आकडे उमटत होते. जत्रेच्या आदल्या दिवशी शेडमध्ये मापं घेताना लक्षात आलं की पश्चिमेच्या चुलाणापर्यंत दोन तारा पुरत नाहीत. त्याने घरी येऊन सातव्या आणि आठव्या सळईला तारेचे तुकडे जोडले आणि कथील वितळवून डाग दिले. जॉर्जिन जेवायला हाका मारत होती. बर्फाचं पाणी, उकळतं पाणी हे सगळं आधीच होऊन गेलं होतं. नंतर फक्त तार लांबवली, त्यात काय बघायचं, असं म्हणून त्याने सळया गुंडाळून ठेवल्या.

रविवारी पहाटेपासून शेडमध्ये वीसेक माणसं होती. कुणी ओकच्या ढिगातले निखारे फावड्याने आणून चुलाणात पसरत होतं. कुणी काठीला बांधलेल्या फडक्याने मांसावर व्हिनेगर, कांदा आणि लोण्याचं पाणी मारत होतं. सकाळी नऊच्या सुमारास एर्विन पूर्वेकडून निघाला. पहिल्या सहा ठिकाणी त्याने अंगठा दाबला, "झालं" म्हटलं, आणि लिओनच्या पेटीवरही एकशे नव्वदच्या वर आकडे होते. माणसांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. एर्विनलाही ते आवडल्यासारखं दिसलं.

मग तो पश्चिमेच्या टोकाला आला. त्याने दोन तुकडे दाबले, एक काट्याने उलटून पुन्हा दाबला.

"हेही झालं. उतरवा."

"थांब," लिओन म्हणाला. "इथे एकशे चाळीस आहे. दोन्हीकडे."

"काय एकशे चाळीस?"

"मांस. आतून कच्चं आहे, एर्विन."

एर्विनने परत अंगठा दाबला. या वेळी जास्त वेळ दाबून धरला. "झालंय हे. त्या सळईला काहीतरी झालंय. दुसरी टोचून बघ."

लिओनच्या शर्टाच्या खिशात एक जास्तीची सळई होती. तिचं टोक त्याच्या बरगडीला लागत होतं. एका आकड्याची शंका आली की दुसरा काटा लावून बघायचा, ही तर त्याची वीजकेंद्रातली रोजची शिकवण. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा. पण त्या क्षणी सगळी शेड त्याच्याकडे बघत होती, पेटी त्याची होती, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द गेली अठ्ठावन्न वर्षं खाली पडला नव्हता.

"सळईला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुझ्या हाताला झालंय. तुला आता कळत नाही, एर्विन. गेल्या वर्षी पण कळलं नव्हतं."

फडकी मारणारे थांबले. बेनी ओर्साक, म्हणजे एर्विनच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेला माणूस, फावडं तसंच धरून उभा राहिला. एर्विनने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, उलटा केला, सुलटा केला. मग लांब दांड्याचा काटा बेनीच्या हातात दिला.

"तो म्हणतो तसं करा," एवढं बोलून तो शेडबाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

त्या टोकाला आणखी निखारे टाकले. दीड तास मांस आगीवर राहिलं. बाहेर जेवणाची रांग हॉलला वळसा घालून पार्किंगपर्यंत गेली. शेवटी आकडा वर सरकला तेव्हा उतरवलेलं मांस सुरीखाली भुशासारखं तुटत होतं. कुणी लिओनला दोष दिला नाही. पश्चिमेला एर्विनने आग कमी ठेवली असणार, म्हणून इतका वेळ लागला, असंच सगळे म्हणाले. कच्चं खाण्यापेक्षा कोरडं बरं. दोघातिघांनी लिओनच्या पाठीवर थाप मारली. त्याला बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी त्याने सगळ्या सळया धुतल्या आणि सवयीने पाणी उकळायला ठेवलं. पहिल्या सहा सळयांनी दोनशे बारा दाखवलं. सातवीने एकशे साठ. आठवीने एकशे चौपन्न. लिओनने तार जरा हलवली, आकडा उडी मारून दोनशे बारावर गेला. सोडली, खाली आला. त्याने जोडावरचं वेष्टन सोलून काढलं. धातूचा गोळा वरून बसलेला होता, पण आत तो तारेला चिकटलेलाच नव्हता. डाग कच्चा होता. दोन्ही ठिकाणी. त्याने स्वतःच्या हाताने दिलेला.

पाणी आटेपर्यंत तो तिथे उभा होता. मग त्याने फोन उचलला, आणि ही गोष्ट फोनवर सांगायची नाही असं म्हणून खाली ठेवला.

मंगळवारी तो एर्विनच्या घरी गेला. एर्विन गोठ्यात होता. जत्रेचं सामान, म्हणजे लांब काटे, फडक्याच्या काठ्या आणि मोठी बादली, असं सगळं त्याने एका बाजूला काढून ठेवलं होतं.

"बेनी येतोय न्यायला," तो म्हणाला. "शेडची किल्ली पण त्याला दिली."

"एर्विन, ऐक, मला तुला—"

"मीच बोलणार होतो." एर्विनने बादली उलटी घालून तिच्यावर बूड टेकलं. "तू बोललास ते बरं केलंस. तुला जड गेलं असेल सगळ्यांसमोर. पण दुसरं कुणी बोललं नसतं. माझ्या मनात वर्षभर हेच चाललं होतं, की ती माणसं आजारी पडली ती माझ्यामुळे तर नाही. परवा कळलं. मला खरंच वाटत होतं ते शिजलंय. शपथेवर सांगितलं असतं मी. म्हणजे बघ."

लिओनच्या तोंडात वाक्य तयार होतं. चार शब्दांचं तर होतं: डाग कच्चा होता, एर्विन. पण भाऊ त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होता तशी नजर त्याने जन्मात बघितली नव्हती. एर्विन त्याचे आभार मानत होता. थोरल्या माणसाने बरोबरीच्याचे मानावेत तसे. लिओनला वाटलं, आज नको. तो जरा सावरू दे. पुढच्या आठवड्यात सांगू.

"कॉफी घेणार?" एर्विनने विचारलं.

"घेतो," लिओन म्हणाला.

पुढचा आठवडा आला आणि गेला. आधी सुगी होती, मग एर्विनच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग नाताळ. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं. कारण आता नुसती चूक कबूल करायची नव्हती, इतके दिवस गप्प का बसलास याचंही उत्तर द्यायचं होतं. आजूबाजूच्या चर्चच्या लोकांनी लिओनकडे सळया मागितल्या. त्याने फुकट करून दिल्या, साठ, सत्तर, पुढे मोजल्या नाहीत. प्रत्येक डाग तो भिंगाखाली बघायचा आणि तार ओढून ओढून पारखायचा. लोक म्हणायचे, लिओनसारखं नेटकं काम कुणाचं नाही.

एर्विनने घरीसुद्धा मांस भाजणं सोडलं. अंगणातलं चुलाण गवताने भरलं. दुसऱ्या वर्षी तो एकदा लिओनच्या गॅरेजमध्ये आला, टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मला पण एक करून दे. घरच्यासाठी."

लिओनने त्याला केली ती त्याच्या हातची सगळ्यात चांगली सळई होती. अक्रोडाच्या लाकडाच्या डबीत बसवली, आकडे मोठे ठेवले. देताना परत ते चार शब्द ओठांवर आले होते. पण तेवढ्यात जॉर्जिन बाहेर आली, पावसाचं काहीतरी बोलली, आणि राहून गेलं. राहून गेलं असं तो स्वतःला सांगायचा. खरं तर जॉर्जिन आली याचं त्याला हायसं वाटलं होतं.

२०१६ च्या फेब्रुवारीत एर्विन सकाळी गायींना चारा टाकायला गेला आणि गोठ्याच्या दारात पडला. डॉक्टर म्हणाले, खाली पडायच्या आतच गेला असेल.

मातीनंतर तीन आठवड्यांनी लिओन अल्बिनाकडे गेला. ती स्वयंपाकघरात कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, करत होती, एकटीसाठी नव्हे, चर्चच्या विक्रीसाठी. त्याने खुर्ची ओढली आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. तारेचे तुकडे, जेवायच्या हाका, उकळतं पाणी, गोठ्यातली ती सकाळ. ती पीठ मळत होती. मळायची थांबली नाही.

"म्हणजे मांस शिजलेलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"त्याला बरोबर कळलं होतं."

"हो, अल्बिना."

"आणि हे तुला सोमवारी कळलं. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी."

लिओनने मान हलवली.

तिने हात फडक्याला पुसले. "तो काय करायचा माहीत आहे तुला? सकाळी गॅस पेटवला की तव्यावर हात धरायचा. बोटं मिटायचा, उघडायचा. मला विचारायचा, 'तुला किती लागतंय? जास्त की थोडं?' मी सांगायचे, आणि मग तुझ्या त्या डबीत बघायचा. अंघोळीचं पाणीसुद्धा सळई बुडवून बघायचा, लिओन. नातीला उचलून घेईना. म्हणायचा, माझ्या हाताचा भरवसा नाही, पडेल. चार वर्षं."

"मी सांगणार होतो."

"कधी?"

लिओन टेबलावर सांडलेलं पीठ बोटाने गोळा करत राहिला.

"तू बारा वर्षांचा असल्यापासून मी तुला जेवायला घातलंय," अल्बिना म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू त्याच्यावर खेकसला असतास, भांडला असतास, तरी मी विसरले असते. तो म्हणायचा, लिओनने वेळेत ओळखलं, नाहीतर मी कुणाला तरी मारून बसलो असतो. तुझं कौतुक करत गेला तो." तिने पिठावर ओलं फडकं टाकलं. "मला सांगून काय उपयोग? शेडमध्ये ज्यांच्यासमोर बोललास, त्यांना सांग जा."

एप्रिलच्या बैठकीत लिओन उभा राहिला. बैठकीत उभा राहून तो कधी बोलला नव्हता, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले. त्याने सांगितलं. मधे दोनदा पाणी प्यायला. खिशात दुसरी सळई होती हेही सांगितलं. ते त्याने अल्बिनालाही सांगितलं नव्हतं.

फादर स्टॅनली टेबलाकडे बघत होते. मग बेनी ओर्साक घसा खाकरून म्हणाला, "त्या दिवशी मी पण दाबून बघितलं होतं. एर्विन बाकावर गेल्यावर. मला मऊ लागलं होतं, शिजलेलं."

"मग बोलला का नाहीस?" कुणीतरी विचारलं.

"आकडा समोर होता," बेनी म्हणाला. "आणि लिओन होता."

बैठकीत ठरलं की सळया ठेवायच्या, पण प्रत्येक तुकड्यात दोन, आणि सकाळी शेडमध्येच पाणी उकळून तपासायच्या. फादर म्हणाले, जत्रेआधी मिस्साच्या प्रार्थनेत एर्विनचं नाव घेऊ आणि काय झालं होतं ते लोकांना सांगू. तसं त्यांनी केलंही. साध्या चार वाक्यांत. अल्बिना तिसऱ्या बाकावर मुलीशेजारी बसली होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

त्या जुलैत शेडमध्ये लिओन पेटीशी बसला नाही. पेटी त्याने दुसऱ्याकडे दिली आणि तो बेनीच्या मागोमाग चुलाणाच्या कडेने फिरला. बेनी अंगठा दाबायचा आणि लिओनला म्हणायचा, "तू दाब. आता असं लागतं, बघ. थोड्या वेळाने परत ये, तेव्हा कसं लागतंय ते बघ." लिओन दाबायचा. त्याला गरम लागायचं, तेल लागायचं, याहून जास्त काही कळायचं नाही. बहात्तराव्या वर्षी ते शिकता येईल असं त्यालाही वाटत नव्हतं. एर्विनने त्याला लहानपणी किती वेळा जवळ बोलावलं होतं, "इकडे ये, हात लावून बघ," आणि तो दर वेळी रेडिओ उघडून बसला होता.

जेवणाच्या वेळी अल्बिना रांगेत आली. तिने बटाटे घेतले, आंबवलेल्या कोबीचं सॉअरक्राउट घेतलं, ससेज घेतलं. मांस वाढायला लिओन उभा होता. तिने ताट पुढे केलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"कडेचा दे," ती म्हणाली.

त्याने कडेचा तुकडा दिला. ती मुलीच्या टेबलाकडे गेली. मागची माणसं पुढे सरकली, आणि लिओन वाढत राहिला.